पेडगावचा नकाशा हळू उमटायला लागला तेव्हा

कॉम्प्युटर हळू चालतोय अशी तक्रार घेऊन कुणी माझ्याकडे आलं की मी आधी विचारते, हे मशीन कुणाकुणाच्या हाताखालून जातं? लोकांना वाटतं, बाई विषय सोडून बोलतेय. त्यांना मेमरी, व्हायरस, जुना प्रोसेसर असलं काहीतरी ऐकायचं असतं. तेही मी बघते, पण नंतर. माणसांपासून सुरुवात करायची ही खोड मला परभणीत लागली, विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी. ती लावणाऱ्यांचे उपकार मानावेत की त्यांच्या नावानं बोटं मोडावीत, असं कुणी विचारलं तर मी विचारही न करता बोटंच मोडीन.

परभणीच्या एका कॉलेजात मी तेव्हा हंगामी लेक्चरर होते. कॉम्प्युटर विभाग म्हणजे एक लांबट खोली. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद, चपला दाराबाहेर, आत हिरव्या अक्षरांची जुनी मशीनं आणि एक नवंकोरं, रंगीत पडद्याचं मशीन. त्या नव्या मशीनवर आम्ही मखमली कापड टाकून ठेवायचो. नवरीच्या डोक्यावरचा पदर सरळ करावा तसं येता जाता कुणीतरी ते कापड सरळ करायचं.

विभागाचे प्रमुख म्हणजे सर. बारावीला त्यांनी मला गणित शिकवलं होतं. मी बीएस्सी झाल्यावर ते स्वतःहून आमच्या घरी आले, अंगणातल्या बाजेवर बसले, चहा घेतला आणि अण्णांना म्हणाले, पोरीला औरंगाबादला कॉम्प्युटर शिकायला पाठवा, वाया घालू नका. अण्णा म्हणजे माझे वडील. झरीच्या शाळेत मास्तर होते आणि कुणाचं ऐकून घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण सरांचं ऐकलं. मी शिकून परत आले आणि सरांच्याच हाताखाली लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या पाया पडले होते. अण्णांच्या खालोखाल कुणाचा शब्द मी खाली पडू दिला नसेल तर तो सरांचा.

त्या वर्षी कॉलेजला कॉम्प्युटरचा नवा अभ्यासक्रम हवा होता. विद्यापीठाची कमिटी येऊन विभाग बघणार, तिला पटलं तर अभ्यासक्रम मिळणार आणि त्याबरोबर एक पक्की जागा. ती जागा तुझीच, असं प्राचार्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. घरी त्यावरून माझा आणि अण्णांचा करार झाला होता. जागा पक्की झाली तर लग्नाचा विषय मी काढीपर्यंत कुणी काढायचा नाही. झाली नाही, तर येईल त्या चांगल्या स्थळाला मी मुकाट मान हलवायची. चांगलं स्थळ तर दारातच उभं होतं. चुडाव्याचे लोक, घरची शेती, मुलगा नांदेडला बँकेत. माणसं सरळ होती, पण त्यांना नोकरी करणारी सून नको होती. अण्णांनी आईसमोर मला शब्द दिला आणि मी निर्धास्त झाले. अण्णा शब्दाचे पक्के, हे अख्ख्या झरीला माहीत होतं.

लिनक्स आमच्याकडे आलं ते कापडी पिशवीतून. माझा मामेभाऊ पुण्याला एका संस्थेत होता. गणपतीत आला तेव्हा त्यानं फ्लॉप्यांची ही एवढी चळत आणली. म्हणाला, ही सिस्टीम फुकट आहे, जगभरची पोरं मिळून लिहितायत, खिडक्या उघडणारा रंगीत पडदाही हिच्यात आहे, लावून बघ. सर आधी हसले. फुकटच्या गोष्टीत काय दम असणार, असं त्यांचं म्हणणं. मी एकेक फ्लॉपी घालत बसले. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पडद्यावर खिडकी उघडली, तिच्यावर दुसरी उघडली, उंदीर, म्हणजे माउस, हलवला की खिडकी त्याच्यामागे सरकायला लागली, तेव्हा सर माझ्या खुर्चीमागे येऊन बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, चांगलं हाय.

कमिटीला दाखवायला मी एक प्रोग्राम लिहायला घेतला. माझी आत्या पेडगावात दिलेली. तिच्या सासऱ्यांच्या ओळखीनं तलाठ्याकडचा गावनकाशा ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतला, एकेका शेताचे कोपरे आलेखाच्या कागदावर मोजले आणि ते सगळे आकडे मशीनला दिले. पडद्यावर पेडगाव उमटायचं. ओढा निळा, कपाशी पांढरी, ज्वारी पिवळी, कालव्याचं पाणी पोचतं ती रानं हिरवी. कुठल्याही शेतावर उंदीर टेकवला की ते शेत लाल व्हायचं आणि बाजूच्या खिडकीत त्याची माहिती यायची. हे सगळं पापणी लवायच्या आत. सरांनी प्राचार्यांना बोलावून दाखवलं. प्राचार्यांनी स्वतःचं शेत शोधलं. त्यांचं शेत झरीला होतं, त्यामुळे सापडलं नाही, आणि ते थोडे नाराज होऊन गेले. मला मात्र तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग जानेवारी आला. विद्यापीठाचं नाव बदललं आणि जिल्हाभर बंद, बंदोबस्त, अफवा सुरू झाल्या. कॉलेज किती दिवस बंद राहील हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या गल्लीत लोक दारं लावून आतून रेडिओ ऐकत. कॉलेज उघडलं त्या दिवशी विभागातली एक विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. तिच्या घरच्यांनी या नावासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते, लाठ्या खाल्ल्या होत्या, असं ती सांगत होती. सरांनी हसून पेढा घेतला, तिचं अभिनंदन केलं आणि ती गेल्यावर तो पेढा तसाच कागदात गुंडाळून कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मला ते खटकलं. पण सरांबद्दल वेगळं काही मनात आलं की ते झटकून टाकायची मला सवय होती.

त्याच दिवशी मी मखमली कापड काढलं, मशीन सुरू केलं आणि पेडगाव बोलावलं. पेडगाव आलं, पण जमीन सारवताना पोतेरं फिरावं तसं वरून खाली सरकत आलं. आधी मारुतीचं देऊळ, मग जरा थांबून ओढा, मग एकेक शेत. खिडकी ओढली तर तिचे तुकडे मागे राहायचे आणि सावकाश पुसले जायचे. मी बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच.

तेव्हाच्या कॅबिनेटवर टर्बो नावाचं एक बटण असायचं, ते चुकून दाबलं गेलं की मशीनचा वेग निम्म्यावर यायचा. पहिला संशय त्याच्यावर. बटण जागेवर होतं. मग स्टॅबिलायझर बघितला, कारण परभणीत व्होल्टेज कधी काय करील ते सांगता येत नाही. तोही ठीक. मेमरी कमी पडली की मशीन पुन्हापुन्हा हार्ड डिस्ककडे धावतं आणि तिचा लाल दिवा लुकलुकतो. दिवा शांत होता. मागे गुपचूप दुसरा कुठला प्रोग्राम चालू आहे का, त्याची यादी काढली. कुणी नव्हतं. मग मी एक निव्वळ आकडेमोडीचा प्रोग्राम चालवला. त्याला दिवाळीच्या आधी जेवढा वेळ लागत होता तेवढाच लागला. म्हणजे डोकं शाबूत होतं, हात जड झाला होता.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "फुकटातली सिस्टीम हाय, आज ना उद्या असं होणारच होतं."

मला ते लागलं. सिस्टीम माझी होती ना, मीच आणली होती. मी ती पुसून पुन्हा सगळ्या फ्लॉप्यांवरून चढवली. एक फ्लॉपी खराब निघाली, ती पुण्याहून मागवली. सिस्टीमचा गाभा नव्यानं बांधून घेतला, त्यात दोनदा लाईट गेली. पडद्यामागचं चित्र काढून टाकलं, रंग कमी केले. माझ्याच प्रोग्राममध्ये चूक असेल म्हणून तो ओळीओळीनं तपासला आणि खरोखर दोन-चार चुका सापडल्या. त्या दुरुस्त केल्या, वेगात फरक शून्य. सर अधूनमधून येऊन मागे उभे राहायचे. काय करायलीस, विचारायचे. मी सांगितलं की मान हलवायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकून निघून जायचे. ते ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की आपल्यालाच जमत नाही. फेब्रुवारी असाच गेला. शिमगा आला. कमिटी उन्हाळ्याच्या तोंडावर येणार असं कळलं आणि माझी झोप उडाली.

एक गोष्ट मात्र हळूहळू दिसायला लागली. खिडकी छोटी केली की नकाशा बरा यायचा, मोठी केली की रखडायचा. जेवढे ठिपके जास्त, तेवढा उशीर. याचा अर्थ अडचण प्रोग्राममध्ये नव्हती आणि प्रोसेसरमध्येही नव्हती. प्रोसेसरपासून पडद्यापर्यंत रंग वाहून नेणारं एक कार्ड कॅबिनेटच्या आत असतं, ती वाटच कुठंतरी तुंबली होती. आणि खरं म्हणजे मशीन मला हे पहिल्या दिवसापासून सांगत होतं. रंगीत पडदा सुरू होताना आपल्याला कोणतं कार्ड सापडलं ते सिस्टीम लिहून दाखवते. जानेवारीपासून ती भलत्याच कार्डाचं नाव लिहीत होती, साध्या आणि जुन्या. मी सरांना ते दाखवलंही होतं. सर म्हणाले, चुकीचं ओळखायली ती. आणि मी विश्वास ठेवला सरांवर.

कॅबिनेट उघडून बघायचं मला सुचलं नाही असं नाही. पण आमच्या विभागात एक रीत होती. कॅबिनेट फक्त सरांनी उघडायचं, आणि तेही वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडे लोक नांगर, कोयते, शिलाईची मशीनं, दुकानातले तराजू पुजतात. आपलं हत्यार हेच, म्हणून सर मशीनची पूजा मांडायचे. एरवी आत काही बिघडलं तरी सर आल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. लोक देवघरात गुरुजींच्या आधी शिरत नाहीत, त्यातलाच प्रकार. आता लिहिताना माझंच मला हसू येतं, पण तेव्हा सरांच्या मागे ते कॅबिनेट उघडणं मला चोरीसारखं वाटायचं.

कमिटी दोन दिवसांवर आली तेव्हा मी ती चोरी केली. दुपारी विभागात कुणी नव्हतं. स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत बघत राहिले.

खंडेनवमीला सरांनी झाकण उघडल्यावर आतल्या कार्डांना हळदकुंकू मी लावलं होतं. वीज खेळते तिथं बोट नेऊ नको, असं सांगून सरांनीच जागा दाखवली होती, कार्ड जिथं स्क्रूनं आवळतात त्या पत्र्याच्या काठावर. आता डिस्कच्या कार्डावर माझ्या बोटाचं कुंकू होतं. प्रिंटरच्या कार्डावर होतं. पडद्याच्या कार्डाचा पत्रा कोरा होता. तेही कार्ड बुटकं, जुनाट, एका टोकाला मळकं. आणि बोर्डावरची ती तपकिरी, लांब खाच, जिच्यात आमचं लांब कार्ड बसलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, ती रिकामी.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? चोरी झाली. कॉलेज बंद असताना कुणीतरी शिरलं आणि सरांच्या विभागातलं कार्ड बदलून नेलं. बिचाऱ्या सरांवर बालंट येणार. मी झाकण तसंच ठेवून रिक्षा केली आणि सरांच्या घरी गेले. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दार उघडलं. म्हणाल्या, ते क्लासवर गेलेत. कोणता क्लास, मी विचारलं. वहिनी जरा गडबडल्या. मग म्हणाल्या, स्टेशन रोडला किराण्याच्या दुकानावर माडी आहे तिथं, माझ्या भावाच्या नावानं काढलाय.

माडीच्या जिन्याशी रंगवलेला बोर्ड होता आणि त्यावर रंगीत ग्राफिक्सची हमी दिलेली होती. मी वर गेले. सर एकटेच होते. उकाडा भयंकर होता आणि अशा उकाड्यात आमच्याकडे मशीन तापू नये म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून ठेवतात आणि आत टेबलफॅनचं वारं सोडतात. तसंच इथंही होतं. पडद्यावर पोपटाचं चित्र होतं, सर कळ दाबत होते आणि पोपटाच्या जागी मोर, मोराच्या जागी ताजमहाल असं झटक्यात बदलत होतं. मी धापा टाकत म्हणाले, सर, आपल्या विभागात चोरी झालीय. म्हणता म्हणता माझी नजर पंख्याच्या वाऱ्यामागे गेली. उघड्या कॅबिनेटात ते लांब कार्ड होतं. पत्र्याच्या काठावर हळदीचा डाग आणि त्यावर वाळून काळपट झालेलं माझं कुंकू.

सरांनी माझी नजर कुठं गेली ते बघितलं. दचकले नाहीत. म्हणाले, बस, पाणी घे.

"सर, हे आपलं कार्ड हाय," मी म्हणाले.

"हाय. तिकडं पडूनच राहायलं होतं. इथं चार लोकांच्या नजरेला तरी पडतंय."

पडून नव्हतं, माझा नकाशा त्याच्यावर चालत होता, मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. मी दोन-तीन महिने त्या मशीनचा जीव काढला, स्वतःचा काढला, आणि तुम्ही मागं उभं राहून बघत होता. सगळं बोलून टाकलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर्गात पोरगी चुकीचं उत्तर देत असताना ऐकायचे तसं. मग म्हणाले, त्या निमित्तानं तुला एवढं शिकायला मिळालं, हे कोणत्या पुस्तकात मिळालं असतं?

ते वाक्य मला जेवढं झोंबलं तेवढी चोरीही झोंबली नव्हती. कारण ते खरं होतं. आणि ते खरं असल्याचा फायदा घेऊन ते माझ्यासमोर पाय पसरून बसले होते.

शेवटी म्हणाले, कमिटीच्या दिवशी सकाळी कार्ड लावून देतो, तुझं काम अडणार नाही. तोवर कुणाला बोलू नको, कॉलेजची अब्रू जाईल. मी हो म्हणाले. डोळ्यांनी सगळं बघून झाल्यावर, त्याच माणसाच्या शब्दावर मी जिना उतरले. घरीही बोलले नाही.

कमिटीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचले. नवी साडी नेसले होते. मखमली कापड काढलं, मशीन सुरू केलं आणि सिस्टीमनं नेमानं तेच जुनं, बुटकं नाव लिहून दाखवलं. सर दिसेनात. आले ते थेट कमिटीला घेऊन, पुढे प्राचार्य, मागे शिपायाच्या हातात चहाचा ट्रे. मी सरांकडे बघितलं. सर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते.

मी पेडगाव बोलावलं. देऊळ आलं. ओढा यायला लागला. कमिटीतल्या एकांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, परत घातला, तरी ओढा गावापर्यंत पोचला नव्हता. दुसऱ्यांनी विचारलं, हे असंच चालतं का?

"फुकटातली सिस्टीम आहे साहेब," सर म्हणाले. कॉलेजातली शुद्ध भाषा काढली होती. "आमच्या बाईंचा हट्ट होता, म्हणून चालवून घेतलं."

"कार्ड काढून नेलंय यातलं," मी म्हणाले.

सर हसले आणि म्हणाले, हो, ते दुरुस्तीला दिलंय, यायचं आहे. बारशाच्या घरात भलतंच बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, चला साहेब, चहा निवायला लागलाय. माझ्या मागे पडद्यावर शेतं अजून एकेक करून भरत होती. चहा संपायच्या आत निकाल लागला. अभ्यासक्रमाचं पुढच्या वर्षी बघू, तोवर मशीनही रुळेल आणि बाईही.

मी घरी गेले तेव्हा दिवस मावळायचा होता. अण्णा झरीहून नुकतेच आले होते आणि अंगणात बाजेवर बसून पायाला तेल लावत होते. आई आत भाकरी थापत होती. मी चप्पलही न काढता त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कार्ड, कुंकू, माडी, पोपट, कमिटी. मला वाटत होतं, अण्णा आता तेलाची वाटी भिरकावतील, टोपी घालतील आणि सरांच्या दारात जाऊन सगळी गल्ली गोळा करतील. शाळेतला खडू कुणी घरी नेला तरी ते तेवढा आरडाओरडा करायचे. अण्णा खाली मान घालून तेल चोळत राहिले. संपूर्ण ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की कार्ड तू सोताच्या डोळ्यानं बघितलंस का. मी हो म्हणाले.

"मी त्यांना कार्ड काढा म्हणलो न्हवतो," अण्णा म्हणाले.

मला ते वाक्य कळायला वेळ लागला. मग मी विचारलं, मग काय म्हणला होता?

अण्णा सांगायला लागले आणि मी उभी होते तिथंच पायरीवर बसले. चुडाव्याचे लोक थांबायला तयार नव्हते. दुसरी मुलगी बघायला लागले होते. असं स्थळ पुन्हा येणार नाही असं अण्णांच्या मनानं घेतलं. पण मला शब्द दिलेला, आणि तोही आईसमोर. तो मोडायची हिंमत होत नव्हती. म्हणून संक्रांतीच्या आधी एकदा ते सरांना जाऊन भेटले. म्हणाले, सर, तुमी माझ्या पोरीचं एवढं केलं, आता माझं एक करा, यंदा तिची जागा पक्की होऊ देऊ नका, जरा लांबवा. कसं ते तुमी बघा. सरांनी जिम्मा घेतला. कार्डाची त्यांना क्लाससाठी गरज होतीच, त्यांनी एका दगडात दोन्ही साधलं. माझा बाप आपला शब्द पाळून बसला होता. कराराचं एक अक्षर त्यांनी मोडलं नव्हतं. फक्त मी हरेन याची व्यवस्था करून ठेवली होती.

मला तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, दोन वेळा जेवले नसते, आणि खरंच सांगते, कदाचित चौथ्या दिवशी मान हलवलीही असती. अण्णांसाठी मी एवढं केलं असतं. आता मात्र नाही. चुडाव्याच्या लोकांना नाही कळवा, मी म्हणाले, नाहीतर मी स्वतः जाऊन सांगते. अण्णांनी मान हलवली. कराराची आठवण त्यांनी करून दिली नाही. पुढच्या महिन्यात मी पुण्याला मामेभावाकडे निघून गेले आणि तिथंच कामाला लागले, पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मला एकच गोष्ट विचारायची राहिली होती.

"मला कळणार न्हाई असं वाटलं तुमाला?"

अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि, मी शपथेवर सांगते, थोडा अभिमानही होता.

"सर म्हणले, मशीनच्या पोटातलं तिला काय कळतंय. मी म्हणलो, न्हाई सर, तिला कळंल. माझी पोरगी लय हुशार हाय."

अण्णांनी कुणाजवळ माझं कौतुक केलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.